अंग भरायची गोळी

माझ्या थोरल्या बहिणीला, कमलअक्काला, तीन पाहुणे बघून गेले आणि तिन्हीकडून एकच निरोप आला. पोरगी वाळकी आहे. नाकीडोळी नीट, कामाला खमकी, सातवी पास, सगळं चांगलं, पण अंगावर मांस नाही. तिसऱ्या खेपेला तर मुलाच्या आत्यानं कमालच केली. पोहे खाऊन झाल्यावर तिनं अक्काला जवळ बोलावलं, तिचं मनगट दोन बोटांत धरलं आणि बाजारात शेवग्याची शेंग उचलून बघावी तसं वर करून आईला म्हणाली, "बाई, हिला उद्या प्वार झालं तर ही पाजनार कशातनं?" मी दाराआड उभी होते. मी तेव्हा नववीत होते आणि जीभ आजच्याइतकीच तिखट होती. पण आईनं डोळे वटारले म्हणून गिळून घेतलं. अक्का मात्र हसली. तिला राग येतच नसे, हाच तिचा मोठा दोष होता असं मला आज वाटतं. पाहुणे गेल्यावर तिनं कपबशा विसळल्या, आणि विसळताना तिच्या बांगड्या मनगटापासून कोपरापर्यंत खळखळत गेल्या आणि खळखळत परत आल्या. तो आवाज आमच्या घराचाच आवाज होता. पहाटे जात्यावर, दुपारी भांड्यांत, संध्याकाळी भाकरी थापताना. अक्का घरात कुठं आहे हे बघावं लागत नसे, ऐकू यायचं.

घर म्हणजे दोन खणांचं, कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या काचेत चुलीच्या धुराचा पिवळा थर. वडील, म्हणजे दादा, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. बोलणं कमी. आमची भाताची दोन खाचरं होती, पण त्यावर भागत नसे, म्हणून आई लावणीला दुसऱ्यांच्या रानात जायची. खायला नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं, कधी सुक्या बोंबलाचं लाल कालवण. आंबेमोहर आम्ही पिकवायचो आणि वास घेऊन विकून टाकायचो, घरात उरायच्या त्या कण्या. त्या कण्यांची पेज अक्काच्या हातची काय लागायची म्हणून सांगू! ती स्वतः मात्र शेवटी बसायची आणि पातेलं खरवडून उठायची. मग अंगावर मांस येणार कुठून? पण हे त्या आत्याबाईला कोण सांगणार, आणि आईला तरी कोण सांगणार.

आता गोळीचं सांगते. लावणीच्या दिवसांत बायका सकाळपासून अंधार पडेपर्यंत गुडघाभर चिखलात वाकून उभ्या. आठवडा गेला की कंबरा अशा धरायच्या की रात्री कूस बदलता येत नसे. त्या वेळी शाळेच्या गावी बाजाराच्या दिवशी एक नाना यायचा. पूर्वी शहरात कुणा डॉक्टरकडं कंपाउंडर होता म्हणे. सायकलच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी, पेटीत बरण्या. वर्तमानपत्राच्या पुडीत आठवड्याच्या गोळ्या बांधून द्यायचा. एक बारीक पांढरी, एक पिवळी. "पांडरी कंबरंची, पिवळी शक्तीची," एवढंच त्याचं वैद्यक. पण गुण असा यायचा की विचारू नका. पुडी घेतलेली बाई दुसऱ्या दिवशी ताठ उभी. भूक सडकून लागायची. सगळ्या आळीत त्याला देवमाणूस म्हणत. देवमाणूस कसला मेला!

शेजारच्या हौसामावशीनं दोन लावण्या त्या गोळ्या खाल्ल्या आणि तिचं तोंड गोल झालं. गाल वर आले, मान भरली. आळीतल्या बायका विहिरीवर तिला चिडवायच्या, "हौसे, दाल्ला काय तूप चारतुय व्हय गं?" आणि ती लाजायची. आमच्या आईनं हे बघितलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कंबरेसाठी खाऊन जर हौसा अशी भरते, तर नुसत्या भरण्यासाठीच खाल्ली तर काय हरकत? नानाला तिनं विचारलं तेव्हा मी बरोबर होते. "नाना, माज्या पोरीला अंग भरायची गोळी द्या." नाना म्हणाला, "तीच की. दोन-दोन खाऊ द्या. सा म्हैन्यात पोरगी वळकू यायची न्हाई." त्याच्या तोंडून चुकून खरं निघालं, एवढंच आज म्हणते.

त्या दिवसापासून पुडी आणायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी रोज शाळेला त्याच गावी चालत जायची. आईनं मला शपथ घातली होती, कुणाला बोलायचं नाही. गोळ्या खाऊन भरलेली पोरगी कोण करून घेणार? अक्काला मात्र पहिल्या महिन्यापासून मजा वाटायला लागली. तिला भूक लागली! आयुष्यात पहिल्यांदा ती "आये, अजून एक भाकर दे की" म्हणाली आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी माझ्या ताटातली अर्धी भाकरी तिला सरकवायची. दिवाळीपर्यंत तिचे गाल गोल आणि लालबुंद झाले. आळी म्हणाली, तेज आलं. संक्रांतीला कासारणीनं तिच्या हातात मोठ्या मापाच्या नव्या बांगड्या भरल्या, कारण हाताचा पंजा आणि मनगट सुजून जुन्या निघेनात, कापून काढाव्या लागल्या. नव्या मनगटावर घट्ट बसल्या. घरातला तो खळखळाट थांबला आणि आम्हाला वाटलं, चला, पोरगी सुधारली.

बाकीचं जे होतं ते फक्त मी बघितलं. आम्ही बहिणी न्हाणीत एकत्र अंघोळ करायचो. तिचं पोट सुटलं होतं आणि पोटावर, मांड्यांवर जांभळे पट्टे उठले होते, भेगाळल्यासारखे. "हे बघ सुले, भोपळा तडकाय लागला," ती हसून म्हणाली. पण पोट, तोंड आणि सुजलेली मनगटं सोडली तर दंड आणि पाय आधीसारखेच काटक्या, उलट जास्त बारीक. पाठीवर मानेखाली मांसाचा उंचवटा. ओठावर लव. विळ्यानं बोट जरासं चिरलं तर महिना झाला तरी भरेना. रात्री झोप नाही, टक्क जागी असायची. मी म्हणाले, "अक्का, हे काय बरं दिसत न्हाई मला." ती म्हणाली, "गप गं. तोंड बघतेत लोक, प्वाट कोन बघाय येतंय?" आणि खरंच, चौथे पाहुणे आले ते बावधनचे, आणि त्यांनी तोंड बघितलं आणि पसंत केली. मुलगा पिंपरीला कारखान्यात कामाला. शांत, सरळ. त्याचा चुलता सगळं ठरवणारा. वैशाखात विहारात लग्न लावायचं ठरलं. आई त्या दिवशी आळीत घरोघर गूळ वाटत फिरली.

लग्नाला बारा दिवस होते तेव्हाची गोष्ट. बाजाराचा दिवस होता, पुडी घेऊन शाळेतून परतताना माझ्या पायात काच घुसली आणि मी त्याच गावच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथं एक नर्सबाई होत्या, करड्या, पण हात हलका. पट्टी बांधताना माझ्या दप्तरातून नानाची पुडी खाली पडली आणि सुटली. बाईंनी पांढरी गोळी उचलून खिडकीशी धरली.

"ही कोण खातं?"

"माझी बहीण."

"कधीपासून?"

"लावणीपासून."

बाई खालीच बसल्या. म्हणाल्या, "अगं पोरी, हे भलतंच औषध आहे. हे डॉक्टरनं मोजून द्यायचं, दम्याला, सांध्याला. उगाच खाल्लं तर माणूस आतून पोखरतं. हाडं ठिसूळ होतात, जखम भरत नाही, रक्तात साखर चढते. तिचं तोंड गोल झालंय ना? ती सूज आहे, मांस नाही." मग त्यांनी विचारलं, "कुठल्या गावची तू? कुणाची?" आणि मला एकदम आठवलं. बाई बावधनच्या. रोज तिथून यायच्या. अक्काच्या सासरच्या आळीला यांची उठबस असणार. मी पुडी ओढून घेतली आणि पट्टीचं टोक लोंबतं तशीच पळत सुटले. मागून बाई ओरडत होत्या, "अगं थांब! पुढचं ऐकून जा!" मी थांबले नाही. जेवढं ऐकलं तेवढं मला पुरेसं वाटलं. गोळी वाईट आहे, बस्स.

ओढ्यावर आले, पुडी उघडली आणि सगळ्या गोळ्या पाण्यात टाकल्या. त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं होतं, इतकी शहाणी वाटले होते मी मलाच! आपण अक्काला वाचवलं, आणि लग्नही वाचवलं. घरी येऊन आईला सांगितलं, नाना बाजाराला आलाच नाही. पुढच्या बाजाराला सांगितलं, नानाकडच्या संपल्यात. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आता काय, पाच दिवसांवर लगीन आलंय. भरलीया तेवडी पुरं हाय." आणि ती कुरडयांच्या चिकाकडं वळली.

पुढं मी चाळीस वर्षं सरकारी नोकरीत नर्स होते, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. आमच्या गावाकडच्या रस्त्यानं आता बावधनपासून पुढं इमारतीच इमारती, आणि प्रत्येक इमारतीखाली औषधाचं दुकान. मध्ये माझ्या नातसुनेची मैत्रीण आली होती, गोरं व्हायचं मलम लावते म्हणाली, दोन वर्षं झाली. मी नळी मागून घेतली, चष्मा लावला आणि वाचलं. तेच औषध, स्टिरॉइड, मलमात. मी तिला अशी झापली की पोरगी रडायला लागली. नातसून म्हणाली, आजी, पाहुण्यांशी असं बोलतात का? बोलतात बाई, मी बोलते. आणि रडून झाल्यावर तिला पुढचंही सगळं नीट बसवून सांगितलं, दार लावून, तिला उठू न देता.

त्या वैशाखात गोळ्या बंद झाल्याला चार दिवस झाले आणि अक्काची भूक गेली. मग अंग मोडून आलं. जात्याशी बसायची आणि खुंटा धरून तशीच राहायची. मला म्हणाली, "सुले, ती गोळी न्हाई घेतली की अंगात जीवच ऱ्हात न्हाई गं. बघ की नाना कुटं भेटतोय का." मी म्हणाले, "उद्या बघते." उद्या मी काहीच बघितलं नाही. मला वाटलं, सवय लागलीय, सुटेल. तंबाखूची नाही का सुटत? आठव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, पोटात कळा. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधार. बायका म्हणाल्या, लग्नाची धास्ती. कुणी दृष्ट काढली. आईनं लिंबाचं सरबत पाजलं, ते उलटून पडलं.

हळदीच्या दिवशी दुपारी बावधनहून मुलाचा चुलता आणि चार बायका उष्टी हळद घेऊन आल्या. अक्काला पाटावर बसवलं. अंगात ताप होता, हळद लावताना हौसामावशीचा हात भाजला. एका बाईनं गाणं धरलं, दुसरीनं उचललं, आणि तिसऱ्या ओळीला अक्का पाटावरून बाजूला कलंडली. डोळे अर्धे उघडे. ओठ पांढरे. दादांनी तिला उचललं, हळदीनं त्यांचा सदरा पिवळा झाला. मुकादमाचा खडीचा ट्रक रस्त्यावर होता, त्यात घालून आम्ही दवाखान्यात नेलं. आई, दादा, मी, आणि पाहुणा म्हणून चुलताही चढला. ट्रकमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती एकदाच बोलली, "पानी."

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, चांगला होता, धावत आला. नर्सबाई लस टोचायला वाड्यांवर गेलेल्या. डॉक्टरनं नाडी बघितली, दाब बघितला, परत बघितला, सलाईन लावलं. ऊन लागलंय की जुलाबाचं काही आहे की विषारी काही पोटात गेलंय, त्याला कळेना. तो आईकडं वळला. "हिला काही औषध चालू होतं का? गोळ्या? कसल्याही? आठवून सांगा."

चुलता दारात उभा होता, हातात टोपी घेऊन. आईनं त्याच्याकडं बघितलं. मग डॉक्टरकडं बघून म्हणाली, "न्हाई डाक्टर. काय सुदिक न्हाई. पोरगी कंदी आजारी न्हाई पडली."

डॉक्टरनं माझ्याकडंही बघितलं. हे मी कधी विसरले नाही, त्यानं मला वेगळं विचारलं. "तू बहीण ना? तुला काही माहितीय?" माझ्या तोंडात शब्द आला होता. चुलत्याचे बूट मला दिसत होते, त्यांवरची हळद दिसत होती. मी मान हलवली. नाही.

दिवस मावळायच्या आत अक्का गेली.

अक्काच्या दिवसांच्या, म्हणजे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात गेले. नर्सबाईंनी मला बघितलं आणि त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. मी विचारलं, "बाई, तुम्ही त्या दिवशी मागून काय सांगत होता?" त्या सुया उकळत्या भांड्यात टाकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हेच, की एकदम बंद करू नका. हे औषध शरीर स्वतः बनवतं, पण बाहेरून इतकं मिळालं की बनवायचं विसरतं. हळूहळू कमी करत सोडावं लागतं. एकदम तोडलं आणि त्यात ताप आला, तर माणूस कोसळतं. मग तेच औषध सुईनं द्यावं लागतं, लगेच." मी म्हणाले, "तेच?" त्या म्हणाल्या, "तेच. डॉक्टरला कळलं असतं तर..." आणि थांबल्या. या वेळी मी पळाले नाही, खांबाला धरून उभी राहिले. पण बाईंनी वाक्य पुरं केलं नाही.

कार्यक्रम झाला, माणसं पांगली. आईनं अक्काची सासरी न्यायची ट्रंक ओढली, साड्या बहिणीभाच्यांना द्यायच्या म्हणून. हौसामावशी मदतीला बसली होती. साड्यांच्या तळाशी, नव्या झंपरात गुंडाळलेली, वर्तमानपत्राची एक पुडी निघाली. आईनं उघडली. पांढऱ्या गोळ्या. दर आठवड्याच्या पुडीतून आई एखादी काढून ठेवत होती. सासरी गेल्यावर पोरगी लगेच वाळायला नको म्हणून.

"हौसे, तुला घे ह्या," आई म्हणाली. "हितं आता कोन खानार?"

हौसामावशी मागं सरकली. "नगं गं बाई. कमल अशी अचानक गेली, माजा कुटल्याच गोळीला हात लावायचा धीर न्हाई हुत. मी तर आज सकाळधरनंच बंद केल्या."

दादा ओसरीवर होते, ऐकत होते. मी म्हणाले, "मावशी, एकदम बंद करू नका. ही खा. आत्ता खा, आणि उद्या माझ्याबरोबर बाईंकडं चला." आई म्हणाली, "तुला काय कळतंय त्यातलं?" मग मी सगळं सांगितलं. काच, बाई, ओढा, नानाची दोन खोटी कारणं. बाईंनी आदल्या दिवशी जे सांगितलं आणि जे पुरं केलं नाही, तेही.

मावशीनं एक गोळी उचलली आणि पाण्याशिवाय गिळली. ती जगली, पाठीतून वाकली, पण खूप वर्षं जगली. मला वाटलं होतं आई मारेल, निदान शिवी देईल. मला ते हवं होतं. मी म्हणाले, "आये, डाक्टरनं मला इचारलं तवा मी बोलाया पायजे हुतं."

"मला आदी इचारलं हुतं," आई म्हणाली.

मग ती पुडी पुढ्यात घेऊन एकेक गोळी बोटानं बाजूला सारत बसली. आणि मान वर न करता म्हणाली, "हितंच हुत्या गं. घरातच हुत्या."